पार्ट बघायला

मागच्या महिन्यात मुलाच्या मोबाइलवर त्याच्या गाडीच्या कंपनीचा निरोप आला. तुमच्या मोटारीतला ब्रेकचा एक भाग सदोष असण्याची शक्यता आहे, तो आम्ही मोफत बदलून देऊ, कधी येता ते कळवा. मुलाने बसल्या जागी बोटाने वेळ ठरवली. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन गाडी सोडून आला आणि दुपारी मी भात वाढतेय तोवर गाडी दारात परत. वर धुऊनपुसून दिलेली.

"एवढ्यात आला पार्ट?" मी विचारलं.

"अगं आई, पार्ट आधीच आणून ठेवलेला असतो. म्हणून तर बोलावतात."

मी भात वाढत राहिले. सुनेला वाटलं, मला कंपनीचं कौतुक वाटलं. खरं तर मला वाईट वाटलं होतं. इतक्या पटकन बदलून मिळणाऱ्या पार्टाचा काय उपयोग, असं काहीतरी मनात आलं. ते समजावून सांगायचं तर मला आमच्या स्कूटरपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्या दोघांना कामं होती. शिवाय त्या गोष्टीचा मुलाशी जरा जवळचा संबंध आहे, तो तोंडावर सांगायला मलाच अवघड वाटलं असतं. म्हणून इथे लिहिते.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आमचं गाव रत्नागिरीच्या अलीकडे. हातखंब्याच्या तिठ्यावर एसटीतून उतरायचं आणि कातळावरून आत चालत जायचं. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा गावात पुरुष म्हणजे एक तर पाटी घेऊन शाळेत जाणारे, नाहीतर काठी टेकत देवळात जाणारे. मधले सगळे मुंबईत. हे, म्हणजे माझे यजमान, तिथे औषधांच्या एका कारखान्यात होते आणि गावच्याच काही जणांबरोबर एका खोलीत राहत. बायकोला न्यायचा प्रश्नच नव्हता. त्या खोलीत पाय पसरायचे तरी आळीपाळीने पसरावे लागतात, असं ते सांगायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात मी, सासूबाई आणि एक म्हैस. म्हशीचा स्वभाव आम्हा दोघींपेक्षा बरा होता.

मुंबईकराने गावी कधी यायचं ते ठरलेलं होतं. गणपतीला यायचं आणि शिमग्याला यायचं. मे महिन्यात जमलं तर आंबे खायला. एरवी यायचं तर कारण लागे. कोणी आजारी आहे, कोणी गेलं आहे, जमिनीची मोजणी आहे, बहिणीचं लग्न आहे. बायकोची आठवण आली, हे कारणात धरत नसत. कोणी बिनकारण उगवलाच तर तिठ्यापासून घरापर्यंत त्याची उलटतपासणी होई. 'काय रे, मधीच आयलास? नोकरी हाय ना?' एकदा आमच्या खालच्या वाडीतला एक नवा नवरा असाच आला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बातमी होती की त्याला छातीचं दुखणं लागलंय. त्याची बायको दोन हंडे घेऊन मान खाली घालून उभी होती. तो बिचारा पुढच्या गणपतीपर्यंत गावाकडे फिरकला नाही.

मला ह्यांची फार आठवण यायची. आता लिहिताना लाज वाटत नाही, तेव्हा हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सासूबाईंना तर नाहीच, कारण त्यांचा सगळा जन्म असाच गेलेला. सासरे मुंबईत गोदीत होते. लग्न झाल्यापासून ते जाईपर्यंत गणपती आणि शिमगा, शिमगा आणि गणपती. त्याबद्दल सासूबाईंच्या तोंडून मी कधी अवाक्षर ऐकलं नव्हतं. त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडाने उसासा टाकणार? त्यामुळे उसासे सगळे म्हशीच्या वाट्याला जायचे.

स्कूटरसाठी नाव घातलं होतं ते आमच्या लग्नाच्या वर्षी. तेव्हा स्कूटर ही दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. नाव घालायचं आणि विसरून जायचं. मुंबईची यादी फार लांब, म्हणून कुणीतरी ह्यांना सुचवलं की रत्नागिरीच्या एजन्सीत नाव घाल, तिथे लवकर लागेल, पण पत्ता तिकडचा हवा. पत्ता गावचा आणि गावात राहणारी मी, म्हणून नावही माझंच पडलं. त्या काळात माझ्या नावावर रेशनकार्डातल्या एका ओळीपलीकडे काही नव्हतं. तिथे एकदम स्कूटर.

नंबर लागला तो थंडीच्या दिवसांत. स्कूटर फिकट हिरव्या रंगाची होती, कोवळ्या केळीच्या पानासारखी. ह्यांनी ती मुंबईला नेलीच नाही. खोलीत माणसांना जागा नाही तिथे स्कूटर कुठे ठेवणार? म्हणून ती गावीच राहिली. देवळासमोर उभी करून नारळ दिला, हार घातला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवी महामाये, ही जी काय तुझ्या लेकरान् गाडी आणलान, ती तुझ्या पायाशी उभी हाय. तिच्या चाकाला, तिच्यावर बसणाऱ्याला नि समोरून येणाऱ्याला, समद्यांना संभाळ." मागे सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. समोरून येणाऱ्याचाही विचार केलेला पाहून मला गुरवाचं कौतुक वाटलं होतं.

त्या शिमग्याला ह्यांनी सासूबाईंना मागे बसवून देवळापर्यंत नेलं. त्या एका अंगाला दोन्ही पाय सोडून, मागचं जादा चाक घट्ट धरून बसल्या होत्या आणि वाटेत कुणी दिसलं की तोंड दुसरीकडे फिरवत होत्या. मला मात्र ह्यांनी निवळीच्या घाटापर्यंत नेलं, भाट्याच्या वाळूपर्यंत नेलं. चालत्या गाडीवर ह्यांच्या पाठीला गाल टेकला तर कुणाला दिसत नाही, हे मला निवळीच्या घाटात कळलं. ह्यांनाही ते कळलं असावं, कारण उताराला गाडी उगीचच हळू व्हायची.

ते परत गेले की स्कूटर पडवीत जुन्या गोधडीखाली उभी राही. इंजिन जाम होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा मी किक मारून ते थोडा वेळ चालू ठेवायचं, असं ह्यांनी मला शिकवून ठेवलं होतं. मी पदर खोचून किक मारायचे. पडवीभर पेट्रोलचा वास पसरायचा. तो ह्यांच्या शर्टाला यायचा तोच वास. वास जाईपर्यंत मी तिथेच काहीतरी निवडत बसायचे. सासूबाई आतून म्हणायच्या, "बंद कर गो आता, म्हस बुजते." म्हैस शांतपणे रवंथ करत असायची.

त्या वर्षी गणपती झाले, हे परत गेले, लवकर येणारी हळवी भातं पिकायला लागली, आणि पोस्टमन माझ्या नावाचं पाकीट घेऊन आला. आत एक छापील इंग्रजी कागद आणि खाली एजन्सीवाल्याने हाताने लिहिलेल्या मराठी ओळी. आपल्या स्कूटरच्या वेळी निघालेल्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकाचा जोड कच्चा निघाल्याचं कंपनीला आढळलं आहे. चालत्या गाडीत तो तुटण्याची भीती आहे. नवा मोफत बसवून मिळेल. तोपर्यंत कृपया गाडी वापरू नये.

मी ते वाचलं आणि मला निवळीचा घाट आठवला. मी तशीच पडवीत गेले, गोधडी बाजूला केली आणि पुढच्या चाकाकडे बघत राहिले. त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. इतकं शहाण्यासारखं उभं असलेलं चाक आम्हा दोघांना घाटात टाकून निघून गेलं असतं, हे खरंच वाटेना.

कंपनीने चूक कबूल केली होती, पण सासूबाईंनी ती कंपनीकडे राहू दिली नाही. त्यांच्या मते चूक आमची होती. गाडी आली तेव्हा देवीला नारळ दिला, पण गावच्या शिवेवरच्या राखणदाराला काहीच दिलं नव्हतं, आणि गाडी तर त्याच्याच समोरून आत आली होती.

"त्याची हद ओलांडून आयलाव ना आपण? मग तो गप ऱ्हाईल काय?"

"आई, ह्या खेपेच्या सगळ्याच गाड्यांत दोष आहे. देशभरच्या."

"मग सगळेच इसरले असतील," सासूबाई म्हणाल्या आणि नारळ काढायला माळ्यावर चढल्या.

नारळ त्याच दिवशी शिवेवर गेला आणि माझं पत्र त्याच दिवशी मुंबईला. पत्रात मी गाडीबद्दल लिहिलं. दुसरं काही लिहिलं नाही, पत्र खोलीतले सगळेच वाचत.

आणि हे आले. गणपती नाही, शिमगा नाही, घरात कोणी आजारी नाही. भर शेतीच्या दिवसांत सकाळच्या उन्हात कातळावरून पिशवी घेऊन येताना मला दिसले. पावसाळ्यानंतर कातळावर गवत वाळून पिवळं होतं, त्यातून ते येत होते. माझ्या हातातला विळा हातातच राहिला. तो दिवस अजून मला जसाच्या तसा दिसतो. वाटेत त्यांना अडवणारे होतेच.

"काय रे, मधीच?"

"गाडीचा पार्ट बदलायचाय. कंपनीने बोलावलंय."

कंपनीने बोलावलंय म्हटल्यावर विचारणारा मुकाट्याने बाजूला व्हायचा. एवढं भक्कम कारण गावात याआधी कोणी आणलं नव्हतं.

गाडी चालवायची नव्हती, म्हणून ती ओळखीच्या टेम्पोत काथ्याच्या दोराने बांधली. टेम्पो मासळीच्या रिकाम्या पेट्या घेऊन रत्नागिरीला चालला होता. हे मागे गाडी धरून उभे राहिले आणि मी ड्रायव्हरशेजारी बसले. मी कशाला, तर गाडी माझ्या नावावर. ह्यांनी सासूबाईंना तसं सांगितलं, "तिची सही लागेल." सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "सही लागत असंल तर जायलाच हवं."

एजन्सीपाशी पोचल्यावर ह्यांनी मला बाहेर आंब्याच्या सावलीत थांबवलं. आत सगळं तेलकट असतं, साडी खराब होईल. गाडी उतरवून आत नेली, बराच वेळ बोलले आणि परत आले. पार्ट यायला वेळ लागेल. गाडी इथेच ठेवायची, पार्ट आला की बसवून मिळेल. महिन्याभराने येऊन बघायचं.

"म्हणजे तुम्हाला परत यावं लागणार?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा काळजीचा काढला होता.

"यावं तर लागेलच," ते म्हणाले. त्यांनीही तोंड काळजीचं केलं होतं.

तिथून 'पार्ट बघायला' सुरू झालं. हे महिन्यातून एका रविवारी सकाळी यायचे. रविवारी एजन्सी बंद, म्हणून सोमवार जोडून घ्यायचे. सोमवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीने रत्नागिरीला. मी आंब्याखाली उभी. हे आत जायचे, आणि मान हलवत बाहेर यायचे. नाही आला. मी मनातल्या मनात देवीला हात जोडायचे. एकदा आमच्याच रंगाची एक स्कूटर फटफट करत फाटकातून बाहेर पडली.

"ह्याचा आला वाटतं?" मी म्हटलं.

"त्याचा वेगळा पार्ट होता," हे म्हणाले आणि झपाझप चालायला लागले.

परतीच्या एसटीला वेळ असे. आम्ही मांडवीला जाऊन जेट्टीवर बसायचो. समोर मचवे लागलेले असायचे, माणसं गोणी उतरवायची, जाळी वाळत पडलेली. हे कागदात गुंडाळलेली गरम भजी आणायचे. आमच्या लग्नाला तेव्हा काही वर्षं झाली होती, पण खरं सांगायचं तर आमची ओळख मांडवीला झाली. गणपतीत नवरा घरी असतो, पण तो घराचा असतो, भावकीचा असतो, आरतीचा असतो. बायकोच्या वाट्याला तो उष्ट्या ताटांपुरता. मांडवीला तो माझ्या एकटीचा होता. त्यांना मुंबईत रात्रपाळी आवडते, कारण दिवसा खोली रिकामी मिळते, हे मला तिथे कळलं. लहानपणी वडील शिमगा करून जायला निघाले की हे गोठ्यात लपून बसायचे, म्हणजे निरोप द्यावा लागायचा नाही, हेही तिथेच कळलं. "आता मी निघतो तेव्हा तू पण गोठ्यातच असतेस," ते म्हणाले. मी म्हटलं, "म्हशीची वेळ असते." ते हसले आणि समुद्राकडे बघत राहिले.

दिवाळी झाली, भातं झोडून झाली, थंडी पडली, पार्ट काही येईना. गावाला आता पार्टाची सवय झाली. हे तिठ्यावर उतरले की लोक आपणहून विचारायचे, "काय, पार्ट बगायला काय?" कुणाला छातीचं दुखणं आठवलं नाही. उलट कंपनीला नावं ठेवायची अहमहमिका लागली. हे मान डोलवून ऐकून घेत.

काळजी लागली ती सासूबाईंना. निदान मला तसं वाटलं. पोराची रजा अशी फुकट जाते आहे, आणि शिमगा जवळ आला. एके दिवशी त्या म्हणाल्या, "देवीला इचारूया."

आमच्याकडे अडल्या कामाचा कौल घेतात. गुरव ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, प्रश्न सांगतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लग्न जमेल का, विहिरीला पाणी लागेल का, हरवलेलं जनावर कुठल्या दिशेला गेलं, असे प्रश्न देवीला सवयीचे. स्कूटरचा पार्ट तिच्यापुढे पहिल्यांदाच आला. गुरवाने जरा घसा साफ केला आणि म्हणाला, "बा देवी, रत्नागिरीस लेकराचा जो काय पार्ट यायचा हाय, तो आयला असंल तर उजवा दे, नसंल आयला तर डावा दे."

मी खांबाला टेकून उभी होते. डावा दे, डावा दे, एवढंच मनात. सासूबाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला त्यांचा राग आला. तुमच्या मुलाची रजा वाचावी म्हणून देवीपुढे बसता, आणि मला तो महिन्यातून एकदा दिसतो तेवढंही बघवत नाही, असं मनात येऊन गेलं. देवळात पाखरांचा आवाज येत होता. कळी हलली. उजवीकडची खाली पडली.

"आयला पार्ट," गुरव म्हणाला.

घरापर्यंत सासूबाई माझ्या पुढे चालत होत्या. दारात पाय धुताना म्हणाल्या, "उद्या तूच जा. बसवून घे. सही तुझीच लागते ना? त्याला कशाला यायला लावायचा?"

दुसऱ्या दिवशी मी एकटी रत्नागिरीला गेले. एसटीत खिडकीशी बसले आणि सबंध वाट एकच म्हणत गेले की देवी चुकली असू दे. एरवी मी आंब्याखाली थांबत असे, त्या दिवशी सरळ आत गेले. आत फारसं तेलकट नव्हतंच. आमची स्कूटर कोपऱ्यात एकटीच उभी होती. वयस्कर मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होते. मी गाडीचं नाव काढल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही वहिनी काय? भाऊ नाही आले?"

"नाही. पार्ट आलाय का बघायला आले. सही कुठे करायची?"

"सही?" मिस्त्रींना कळेना. "सही कशाला? कागद दाखवायचा, जुना पार्ट द्यायचा, नवा लावून न्यायचा. झालं."

मग ते उठले, फळीवरून तेलकट कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. वर दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर माझं नाव. "हा बघा. दिवाळीतच आलाय सगळ्यांबरोबर. बाकीच्यांचे लावून झाले. भाऊ दर खेपेला येतात, बघतात, आणि म्हणतात राहू दे मिस्त्री अजून, घाई नाही. मी म्हटलं, धोक्याचं काम आहे, नाही म्हणू नका. तर म्हणाले, गाडी मी चालवतच नाही ना, तुमच्याकडेच राहू दे. मला वाटलं, शिमग्याला लावणार असतील."

मी ते पुडकं हातात घेतलं. चांगलं जड होतं. ह्यांनी मला उभ्या जन्मात कधी 'तुझ्यासाठी आलो' असं म्हटलं नाही, ते म्हणणाऱ्यातले नव्हतेच. गणपतीत सगळ्यांसमोर माझ्याशी बोलायचं तर म्हशीच्या दुधाबद्दल बोलायचे. आणि हा माणूस दर महिन्याला रातभर एसटीत बसून येतो, आत जाऊन हा लोखंडाचा तुकडा बघतो, आणि बाहेर येऊन मला सांगतो की आला नाही. माझे डोळे भरून आले. मिस्त्री घाबरले.

"वहिनी, आत्ता बसवून देतो. तासाभराचं काम आहे. तुमची गाडी तुम्ही घेऊन जा."

बसवला असता तर तिथेच सगळं संपलं असतं. गाडी बरी, कंपनी मोकळी, आणि हे शिमग्यापर्यंत मुंबईत. मी पुडकं त्यांच्या हातात परत दिलं.

"राहू दे मिस्त्री अजून," मी म्हटलं. "घाई नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, पुडकं फळीवर ठेवलं आणि चहाचा कप उचलला.

परतीची एसटी सुटायला वेळ होता. मी मांडवीला गेले आणि आमच्या जागी एकटीच बसले. मला कळलंय हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. पार्ट शेवटी शिमग्याच्या तोंडावर बसला, आणि मुलगा त्या वर्षीच्या दिवाळीत झाला. बाकी हिशेब त्याने करायचा असेल तर करावा. पुढे हे नोकरी संपवून गावी आले, आम्ही काही वर्षं एका घरात राहिलो, आणि मग ते गेले. त्यालाही आता खूप काळ झाला. सांगायला हवं होतं, असं आता रोज वाटतं. तेव्हा वाटायचं, सांगितलं तर ते लाजतील आणि पुढच्या वेळी कारण सापडणार नाही. आता कारण असलं तरी यायला कोणी नाही.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा सासूबाई खळ्यात कुळीथ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आयला काय?"

देवीने उजवा दिलेला. गुरव, आजूबाजूच्या बायका, सगळ्यांसमोर. मी चप्पल काढत म्हटलं, "नाही आला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. माझे डोळे रडून लाल झालेले, ते काही लपत नव्हते. मला वाटलं, आता म्हणतील, देवी खोटी काय गो?

"मग तो येल म्हणायचा," त्या म्हणाल्या.

"यावं लागेल."

"देवीला सगळं ठाऊक असतं. तुला काय कळलं ते तू मला सांगू नको." त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. "तो आयला की तू पण जा हां त्याच्यासंगती. सही लागते ना तुझी."

मी हो म्हटलं. आत जायला वळले तर त्यांनी मागून हाक मारली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, सुपातले खडे वेचत होत्या. काल देवीपुढे त्यांचे ओठही माझ्यासारखाच डावा मागत होते, हे मला तेव्हा कळलं.

"आमच्या येळेला घरात बिघडणारं असं कायच नव्हतं गो," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा कुळीथ पाखडायला लागल्या.